बिनआवाजाचे पंखे

काकांचा अर्धा घसा डॉक्टरांनी काढून टाकला होता. उरलेल्या अर्ध्यातून जे बाहेर पडायचं त्याला आवाज म्हणता येत नव्हतं, तो नुसता वारा होता. गळ्याच्या खड्ड्यात भोक होतं, त्यावर पांढरी जाळी बांधलेली असायची. बोलायचं असलं की काका बोटानं ते भोक दाबायचे, आणि वाळल्या पाचोळ्यावरून कुणी चालावं तसे दोन-तीन शब्द बाहेर यायचे. ते शब्द पकडायचे, हेच त्या घरातलं खरं काम. स्वयंपाक, झाडलोट, बागेला पाणी हे सगळं त्याच्या नंतरचं.

घर पानशेतला होतं, धरणाच्या अलीकडच्या चढावर. पुण्याच्या लोकांची शनिवार-रविवारपुरती घरं असतात तसलं. काकांचा पुण्यात कारखाना होता. यंत्रांच्या खडखडाटात ओरडून बोलण्यात त्यांचा सगळा जन्म गेला. ऑपरेशननंतर पुण्याच्या फ्लॅटमध्ये खालच्या रस्त्याच्या गोंगाटात त्यांचं बोलणं काकूंनाही ऐकू येईना, म्हणून दोघं कायमचे इकडं आले. कारखाना मुलानं बघायला घेतला.

मी तिथं आधीपासून राखणदार होतो. माझं गाव परभणीच्या पलीकडं. सातवीत शाळा सुटली ती सुटलीच. कुणाच्या तरी ओळखीनं पानशेतच्या एका हॉटेलात भांडी घासायला आलो आणि बरीच वर्षं तिथंच बाकावर झोपलो. काका सुट्टीला आले की तिथं मिसळ खायचे. एकदा त्यांनी विचारलं, "झोपतोस कुठं रे?" मी बाकाकडं बोट केलं. पुढच्या खेपेला आले तेव्हा मला बंगल्यामागच्या खोलीची किल्ली दिली. त्या खोलीला आतून कडी होती. आतून कडी लावून झोपायला मिळालं ते विशी उलटल्यावर, पहिल्यांदाच. ते उपकार मी अजून विसरलेलो नाही. पण त्याच दिवसापासून दुसरंही सुरू झालं. ही कडी कधी जाईल, कशानं जाईल, याचा घोर.

काका आजारी होऊन आले तेव्हा तो घोर कानात येऊन बसला. आपल्याला त्यांनी काही सांगितलं आणि ऐकूच आलं नाही तर? मी दिवसभर त्यांच्या बोटाकडं बघत असायचो. बोट गळ्याकडं गेलं की हातातलं काम टाकून धावायचं.

घरात आवाज करणारी एकेक वस्तू आम्ही बाहेर काढली. फ्रीज मागच्या पडवीत गेला. कुकरच्या शिट्ट्या पडवीतच व्हायच्या. काका बोलायला लागले की काकू छताच्या पंख्याचं बटण बंद करायच्या, बोलून झालं की परत लावायच्या. रविवारी खालच्या हॉटेलांत पुण्याची पोरं गाड्यांतली गाणी मोठ्यानं लावायची, तेव्हा आम्ही दारंखिडक्या लावून घ्यायचो. काकूंनी एक पाटीही आणून ठेवली होती. काकांनी ती पलंगाखाली सरकवली. म्हणाले, "मी काय पहिलीत आहे?" एवढं वाक्य पुरं करायला त्यांना मधे दोनदा थांबावं लागलं. पण पाटीला ते शेवटपर्यंत शिवले नाहीत.

पुण्याहून येताना त्यांनी माशांची पेटी आणली होती. लांबलचक काच, आत सोनेरी मासे, वर सुतारानं केलेलं लाकडी झाकण आणि झाकणाच्या आत दोन ट्यूबलाइट. पलंगावर पडल्या पडल्या ती दिसावी अशी भिंतीला लावली होती. तिचा हवेचा पंपही मी खिडकीबाहेर दोरीनं लटकवला होता आणि नळी लांबवून आत घेतली होती. माशांना बोलता येत नाही आणि त्यांचं काही अडत नाही, असं काका एकदा म्हणाले होते. हसले होते की नाही, आठवत नाही.

एप्रिल लागला. ती खोली पश्चिमेची, वर पत्रा. झाकणातल्या दिव्यांची धग, त्यांचे चोक, आणि पाण्याची वाफ कोंडलेली. झाकण उचललं की तोंडावर गरम फुफाटा यायचा. मासे वर येऊन तोंडं उघडझाप करायला लागले. दिवे बंद ठेवले तरी फरक पडेना. झाकणच काढून ठेवलं, तर एक मासा बाहेर उडी मारून फरशीवर मेला.

मी उन्हाळ्याच्या मुलखातला. माठ गार ठेवायचा तर त्याला ओलं फडकं गुंडाळतात, हे मला माहीत. काकूंनाही पटलं. आम्ही दोन गोणपाटं भिजवून झाकणावर घातली आणि दर तासाला त्यांवर पाणी शिंपडत राहिलो. माठ पाझरतो म्हणून गार होतो, लाकडी झाकण पाझरत नाही, हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही. होती नव्हती ती फट गोणपाटानं बुजली. आत हवा कोंडली, एका चोकवर पाणी ओघळलं आणि फट् करून दिवा गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी बरेच मासे उताणे तरंगत होते.

काकू म्हणाल्या, "ते उठायच्या आत काढ." मी जाळीनं काढून आंब्याच्या बुडाशी पुरले. हात धुऊन आलो तर काका जागे होते, पेटीकडं बघत होते. बोट गळ्याला लावून म्हणाले, "आता उरलेल्यांचा नंबर." मी ऐकलं. काकूंनीही ऐकलं. दोघांनीही ऐकलं नाही असं दाखवलं. त्या घरात ते सोपं होतं.

मुलाला आम्ही दादा म्हणायचो. ते रविवारी यायचे. झाकणाला छोटे पंखे लावा, एक हवा आत ढकलेल, एक बाहेर ओढेल, पाणी गार राहील, असं त्यांनीच सांगितलं. पुण्याहून आणतो म्हणाले आणि विसरले. पुढच्या रविवारीही विसरले. त्यांच्यामागं कारखान्याचा व्याप होता, मी दोष देत नाही. पण मासे रविवारची वाट बघणारे नव्हते. काकू म्हणाल्या, "तूच कुठून तरी आण. एकच बघ, आवाज करणारा नको. त्यांच्या पलंगापाशी असणार आहे तो."

आमच्या पाण्याची मोटार एकदा जळली होती, ती शिवऱ्याला हायवेच्या कडेला एका चाचांनी भरून दिली होती. मूळचे भोरचे. तिथंच टपरीत मोटारींचं वायंडिंग, ट्रकचे डायनामो, केबिनमधले पंखे असलं काम करायचे. पुण्याहून भंगारात आलेल्या कॉम्प्युटरांचे पंखेही त्यांच्याकडं पोत्यात भरलेले असायचे. मी पानशेतहून वेल्ह्याची जीप धरली. जीपवाला ओळखीचा, मला 'मराठवाडा' म्हणूनच हाक मारायचा. कुठं चाललास म्हणाला, मी सांगितलं.

"मासं उकडत्यात व्हय?" तो म्हणाला. "मग मराठवाडा, मीठ-मसाला टाक की. लई सोपं हाय."

जीप हसली. मीही हसलो. हसलं नाही तर पुढच्या वेळी जागा मिळत नाही.

वेल्ह्याहून एसटीनं नसरापूरकडं, मग हायवेनं शिवऱ्याला. चाचांना मी सगळं सांगितलं. त्यांनी पोतं ओतलं. मुठीएवढे, तळहाताएवढे काळे चौकोनी पंखे.

"बिनआवाजाचा," ते म्हणाले. "हितं आजवर असं कुणी मागितलं न्हाई बाबा. हितली मानसं पंखा वाजतोय का बगत्यात. वाजला म्हंजी चालतोय."

त्यांनी एक पंखा बॅटरीला जोडून माझ्या कानाशी धरला. त्याच वेळी ट्रक गेला. तो गेला तर दुसरा आला. मग कंटेनर. मी मान हलवायचो, चाचा दुसरा पंखा धरायचे, परत ट्रक. शेवटी त्यांनी आतून गोधडी आणली, आम्हा दोघांच्या डोक्यावरून घेतली आणि आत काळोखात म्हणाले, "आता ऐक." गोधडीला तेलाचा आणि विडीचा वास. बाहेरून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "अवो, भर दुपारी काय लावलंय ह्ये? गिऱ्हाइकं बगत्यात."

"पंखा निवडतुय," चाचा आतून ओरडले.

"घरातला बंद पडला म्हनून आमी उकडून मरतुय, त्यो निवडा आदी."

त्यातले दोन मला शांत वाटले. अगदी भुंग्याइतकेसुद्धा वाजत नव्हते. मी चाचांचे पाय धरायचा बाकी राहिलो. संध्याकाळपर्यंत घरी आलो आणि सकाळी झाकणाला मागून भोकं पाडून ते बसवले. बटण दाबलं.

त्या आवाजाची मला अजून लाज वाटते. हायवेला जो भुंगा होता, तो त्या मुक्या खोलीत गिरणी होऊन बसला. त्यात लाकडी झाकण म्हणजे ढोलकीच, सगळं दुप्पट करून सांगायची. काकांचं बोट गळ्याकडं गेलं, ओठ हलले, आणि आम्हाला काही म्हणता काही ऐकू आलं नाही. काकू बटणाकडं धावल्या. पंखे थांबल्यावर काका परत म्हणाले,

"गिरणी आणलीस. आता दळण आण."

काकू हसल्या. फार दिवसांनी हसल्या. मी मात्र पेटीकडं बघत होतो. मासे जगवायचे तर ह्यांचं बोलणं बुडतं, आणि ह्यांचं बोलणं ऐकायचं तर मासे मरतात. आणि एकेक मासा मेला की हे स्वतःला त्या रांगेत धरतात. मला वाटलं, हे मीच कुठूनतरी नीट केलं पाहिजे, नाहीतर ह्या घरात माझा उपयोग काय.

परत शिवऱ्याला गेलो. चाचा रागावले नाहीत. डोकं खाजवत म्हणाले, "चूक माजी हाय. कोळ्याच्या घरी बसून मासळीचा वास घ्यायला गेलो म्या. हितं बसून शांत काय कळनार?" मग त्यांनी तो पोत्यातला सगळा ढीग पिशवीत भरला आणि पिशवी माझ्या हातात दिली. वर रेडिओला लावतात तो एलिमिनेटर दिला, वीज कमी-जास्त करायचं बटण असलेला.

"घरी ने. तितं ऐक. आवडल ते ठिव, बाकी परत आन."

मी म्हटलं, "चाचा, मी परत आलोच नाही तर?"

"तर मासं जगलं आसं समजीन," ते म्हणाले.

त्यांनी दोन गोष्टी सांगून पाठवलं. पंखा लाकडाला थेट ठोकायचा नाही, सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून त्यांवर टांगायचा, म्हणजे त्याची थरथर लाकडात उतरत नाही. आणि त्याला पोटभर वीज द्यायची नाही. अर्धपोटी ठेवला की हळू फिरतो, हळू फिरला की बोलत नाही. "पन येक हाय," ते म्हणाले. "अर्ध्या पोटी त्यो उठून हुबा ऱ्हात न्हाई. लाईट गेली आन आली, की त्याला बोटानं ढकलावं लागंल. येकदा सुटला की मग चालतोय."

पुढचे काही दिवस काकांच्या खोलीत पंख्यांची निवड चालली. मी एकेक पंखा दोरीला बांधून पलंगाशेजारी धरायचो, काकू एलिमिनेटरचं बटण फिरवायच्या, आणि काका डोळे मिटून ऐकायचे. कारखान्यातला कान. एकाला म्हणाले, "बुश सुकलाय, तेल नाही." दुसऱ्याला, "पातं वाकडं." तिसऱ्याला नुसती मान हलवली. मग परीक्षा उलटी व्हायची. पंखा चालू ठेवून काका काहीतरी बोलायचे आणि आम्ही ते म्हणून दाखवायचं. चहा. कारखाना. पाऊस कधी. काकूंना ऐकू आलं नाही की पंखा नापास. एका पंख्याच्या वेळी काका बराच वेळ काही बोलले आणि काकूंनी मान खाली घातली. मला शब्द नीट कळले नव्हते. मी विचारलं, "पास का?" काकू म्हणाल्या, "पास. लाव तो."

तो आणि त्याच्या जोडीचा एक असे दोन लावले. ट्यूबच्या तुकड्यांवर, अर्ध्या विजेवर. हात लावून बघितल्याशिवाय चालू आहेत की बंद ते कळायचं नाही. पाणी रोज आटायचं, मी रोज भर घालायचो. त्यानंतर उन्हाळाभर मासा मेला नाही. बाकीची पिशवी मी शिवऱ्याला पोचती केली, सोबत काकूंनी दिलेले आंबे.

वीज तेव्हा फार जायची. आली की मी असेन तिथून धावत जाऊन झाकण उचलायचो आणि दोन्ही पंख्यांना बोटानं ढकलायचो. काका बघत असायचे. म्हणायचे, "माझंही असंच."

त्या महिन्यांत ते खूप बोलले, म्हणजे त्यांच्या मानानं. दुपारी मी त्यांना पेपर वाचून दाखवायचो. माझं वाचन सातवीचं. अडखळलो की बोट गळ्याला लागायचं आणि शब्द यायचा, शांत, नीट. मी तो परत म्हणायचो. आज मी चार ओळी लिहितो त्या त्याच दुपारांमुळं.

पाऊस सरताना पुण्याला तपासणी झाली. रोग परत आला होता. रविवारी दादा आले. पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसले आणि सांगायला लागले. दुसरं ऑपरेशन करावं लागेल. हा जो थोडा आवाज आहे तोही जाईल. पण माणूस राहील, बाबा. डॉक्टर म्हणतात उशीर नको. बुधवारी गाडी घेऊन येतो.

मी दाराशी चहाचा ट्रे घेऊन उभा होतो. काकांचं बोट वर गेलं.

"नको."

खोलीत दुसरा आवाज नव्हता. पंखे फिरत होते आणि फिरत नसल्यासारखे होते. दादा म्हणाले, "काय म्हणालात?" परत बोट गेलं. "नको. इथंच."

दादा काकूंकडं वळले. "आई, मला कळलं नाही काय म्हणाले." काकू पदर बोटाला गुंडाळत होत्या. मग दादांनी माझ्याकडं बघितलं. ऐकू आलं नाही म्हणालो असतो तर कुणी काही म्हणालं नसतं. खोलीची कडी डोळ्यांपुढं आली, खोटं कशाला सांगू. पण ऐकण्यासाठीच तर मी तिथं होतो.

"नको म्हणले," मी म्हटलं. "हितंच ऱ्हातो म्हणले."

"तू पगारी माणूस आहेस," दादा म्हणाले. "बाहेर जा."

मी वळलो. मागून काकू म्हणाल्या, "थांब रे. चहा ठेव." आणि मुलाला म्हणाल्या, "मलाही ऐकू आलं. तुलाही आलंय."

दादा उठून अंगणात गेले. गाडीला टेकून बराच वेळ उभे होते. मी चहा घेऊन गेलो तर डोळे पुसत होते. म्हणाले, "ह्या घरात साधं न ऐकल्यासारखंसुद्धा करता येत नाही." चहा मात्र घेतला. मला कामावरून काढलं नाही. पुढं कधी तो विषयही काढला नाही.

काका तिथंच राहिले. मग जे व्हायचं ते आम्ही सगळं ऐकलं. श्वास आखूड झालेला ऐकला. गिळताना अडकलेला घोट ऐकला. जाळीखालची खरखर आधी सकाळीच असायची, मग दिवसभर झाली. कधी कधी मला हायवेवरची ती टपरी आठवायची, तिथले ट्रक हवेसे वाटायचे. काकू वयानं एकदम वाकल्या. दादा आता रविवारशिवायही यायचे, पलंगाच्या पायथ्याशी बसून राहायचे.

ऑक्टोबरचं ऊन पडलं तेव्हा शब्द येणं थांबलं. त्यानंतर काका थोडेच दिवस होते. त्यातली एक दुपार सांगतो आणि थांबतो.

मी पेपर वाचत होतो. काकांचं बोट उठलं, गळ्यापर्यंत पोचलं, ओठ हलले. काही आलं नाही. मी कान त्यांच्या तोंडाशी नेला. परत ओठ हलले. काकूही वाकल्या. "पाणी?" मान हलली नाही. "उशी?" नाही. मी खिडकी उघडली, परत लावली. ते आमच्याकडं बघत होते आणि बोट गळ्यावरून काढत नव्हते.

मला वाटलं, पंख्यांमुळं असेल. इतका बारीक आवाज की हेसुद्धा आड येत असतील. मी बटण बंद केलं. दोन्ही पंखे सावकाश थांबले. खिडकीबाहेरचा पंपही बंद केला. आम्ही दोघं त्यांच्या तोंडावर वाकून श्वास धरून उभे राहिलो. ओठ हलले. दोनदा. शेवटी त्यांनी बोट खाली घेतलं आणि पेटीकडं बघत राहिले. त्यांना पेटीबद्दलच काही म्हणायचं होतं, की बघायला समोर तेवढंच होतं, ते मला आजही सांगता येणार नाही.

किती वेळ गेला माहीत नाही. मासे वर यायला लागले होते.

काकू सरळ झाल्या. "लाव ते," म्हणाल्या. "मरतील."

मी बटण दाबलं, झाकण उचललं आणि पंख्यांना ढकललं. आता कितीही मोठ्यानं बोललं असतं तरी चाललं असतं. पण काकूंनी मला पेपर पुढं वाच म्हणून सांगितलं ते हळूच, आणि मीही हळूच वाचत राहिलो.